सीटखालचा गाळ

गाडी आमच्या मोठ्या दिरांची. बदलापूरला नदीकडच्या भागात तळमजल्यावर त्यांचं घर होतं आणि जुलैच्या त्या मोठ्या पुरात ते पंख्यापर्यंत बुडालं. सासूबाई तेव्हा त्यांच्याकडेच राहायच्या. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी सगळ्यांना वर घेतलं म्हणून माणसं वाचली. फ्रीज, गाद्या, जाऊबाईंचं शिवणयंत्र, सगळं चिखलात गेलं. रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही अंबरनाथहून पोचलो, तेव्हा जाऊबाई फावड्याने चिखल बाहेर लोटत होत्या. गाडीचं विचारलं तर दीर म्हणाले, ती आदल्या दिवशीच स्टेशनकडे मित्राच्या बिल्डिंगमध्ये लावली होती, तिच्या टायरलासुद्धा पाणी लागलं नाही. तेवढं तरी वाचलं, असं आम्हाला वाटलं.

सासूबाईंना आम्ही आमच्याकडे घेऊन आलो. त्यांची किडनी आधीपासूनच अधू होती. दिवाळीच्या सुमाराला डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं, आठवड्यातून दोनदा, उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलमध्ये. जाताना त्या रिक्षात कशाबशा बसत. येताना मान टाकून द्यायच्या आणि खड्ड्याखड्ड्याला त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आपटायचं. हे पाहून दीर एका रविवारी आले आणि म्हणाले, माझी गाडी तुम्ही घ्या. मला पुन्हा घर उभं करायला पैसे लागणारच आहेत, आईलाही गाडी हवी. किंमत त्यांनी दलाल सांगतात तेवढीच सांगितली. यांनी एका शब्दाने घासाघीस केली नाही. दादाला हात दिल्यासारखं होईल म्हणाले आणि पीएफमधून कर्ज काढलं.

यांची नोकरी ठाण्याला, म्हणून गाडी मीच शिकले. पांढरी, छोटी, दहाएक वर्षांची गाडी. सीट कव्हरं कोरी करकरीत आणि आत उदबत्तीचा दाट वास. पहिला महिना बरा गेला. मग एका सकाळी चावी फिरवली तर नुसती टिकटिक. सेल्फ जाम झाला होता. तो केला तर हेडलाइट विझू लागले. मग मागचे ब्रेक चिकटायला लागले, चाक तापून जळका वास यायचा. दर वेळी हजार-दोन हजार. डायलिसिसचा खर्च वेगळा. माझ्या दोन बांगड्या त्या हिवाळ्यातच गेल्या.

उल्हासनगरला हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एका सिंधी गृहस्थांचं गॅरेज होतं. सासूबाई आत मशिनवर असायच्या, तेवढ्या वेळात मी गाडी त्यांच्याकडे न्यायची. एकदा पुढची सीट सैल झाली म्हणून त्यांनी ती काढली, खालचा गालिचा उचलला आणि मला जवळ बोलावलं. खाली करडा, वाळून भेगा पडलेला गाळ होता. बोटाएवढा जाड. पत्रा गंजून पापुद्रे सुटत होते.

"भाभी, ये गाडी पानी में थी," ते म्हणाले. "थोडी नहीं, पूरी."

त्या वर्षी अशा बऱ्याच गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या, असं त्यांनी सांगितलं. वायरिंग आतून सडत जाईल, एक केलं की दुसरं निघेल, तेव्हा मिळेल त्या भावाला काढून टाका.

संध्याकाळी मी यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, दादा माझ्याशी खोटं बोलणार नाही, गॅरेजवाल्यांना काम काढायचं असतं. मी गाळाचा एक तुकडा कागदात बांधून आणला होता. तो मी दाखवलाच नाही. सख्ख्या भावाविरुद्ध पुरावा ठेवल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात एका दुपारी आम्ही परतत होतो. रस्त्याचं काम चाललेलं, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेलेला माझ्या उशिरा लक्षात आला. बॉनेटखालून वाफ आली, इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी बंद पडली. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. मागे हॉर्नचा कल्लोळ. डायलिसिसच्या सुया काढल्या तिथली सासूबाईंच्या हातावरची पट्टी रक्ताने भिजली होती. त्यांना पाणीसुद्धा मोजून द्यावं लागे, आणि त्या उन्हात त्या एकसारख्या ओठांवरून जीभ फिरवत होत्या. मी एका हाताने त्यांचा दंड दाबून धरला, दुसऱ्या हाताने येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवत राहिले. शेवटी एका भाजीच्या टेम्पोवाल्याने गाडी कडेला ढकलायला मदत केली आणि सासूबाईंना पुढे आपल्या शेजारी बसवून घरी सोडलं. मी मागे रिकाम्या क्रेटांमध्ये बसून आले.

हे घरी आले तेव्हा सासूबाई कॉटवर पडून होत्या. मी झालं ते सांगत होते. गॅरेजवाल्यांनी गाडी ओढून नेली होती. हेड वाकलंय, इंजिन खोलावं लागेल आणि खर्च गाडीच्या निम्म्या किमतीएवढा येईल, असा त्यांचा फोन आला होता. सासूबाईंनी भिंतीकडची मान वळवली.

"नका करू आता खर्च," त्या म्हणाल्या. "गाडी बुडाली होती. मी वरच्या खिडकीतून बघत होते. नुसतं टप दिसत होतं."

हे कॉटच्या कडेला बसले. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"त्याच्याकडे काय राहिलं होतं? तू नोकरीवाला. तुझं निभेल, असं वाटलं." त्यांनी हातावरच्या पट्टीवरून बोटं फिरवली. "आणि बसायचं मलाच होतं ना त्यात. म्हटलं, बसेन."

यांनी त्यांच्या हातावरची पट्टी नीट केली आणि आत गेले. रात्री जेवले नाहीत.

गाडी दुरुस्त केली नाही. भंगाराच्या भावात गेली, पगारातून हप्ता मात्र पुढे कितीतरी दिवस कापला जात होता. आम्ही पुन्हा रिक्षाने जाऊ लागलो. दीर यायचे ते हे कामावर असताना. आईच्या पायाशी बसायचे, चहा घ्यायचे, गाडीचा विषय काढायचे नाहीत. खाली गाडीची जागा रिकामी होती, ती येता-जाता दिसतच असणार. मीही काही बोलले नाही. सासूबाईंचा चेहरा त्या तासाभरात उजळायचा.

पुढच्या थंडीत त्या गेल्या. दोघा भावांनी खांदा दिला. सगळे विधी आटोपल्यावर, पाहुणे पांगल्यावर, दीर दारात चपला घालत होते, तेव्हा हे पहिल्यांदा त्यांच्याशी त्याबद्दल बोलले.

"पैसे हवे होते तर मागायचे होतेस, दादा."

दिरांनी मान वर केली नाही. "मागितले असते तर किती दिले असतेस?"

घरखर्च तेव्हा माझ्या हातात असायचा, त्यामुळे किती थोडे दिले असते ते मला माहीत होतं. दीर जिना उतरून गेले. जाऊबाई खाली रिक्षा थांबवून उभ्या होत्या.