ताईच्या यकृताचा सुईएवढा तुकडा

गेलेल्या ताईच्या पोटात आईने सुई घालू दिली, म्हणून मी आज जिवंत आहे.

आज आईचा स्मृतिदिन. गोड गोड काही लिहिणार नाही. तिलाच आवडलं नसतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही टोकावड्याजवळचे. ताई दहावीत होती. आधी तिचे हात थरथरायला लागले. गावाने ठरवून टाकलं, पोरीच्या अंगात येतंय. मग कावीळ झाली, पोट फुगलं. मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

ताई गेली.

लिव्हरच्या आजारांवर रिसर्च करणाऱ्या एक डॉक्टर मॅडम बाहेर आल्या.

"कशाने गेली ते आम्हालाही नक्की कळलेलं नाही. यकृताचा सुईएवढा तुकडा घेऊ द्याल? आजार घराण्यातला असेल तर धाकटीलाही असू शकतो."

धाकटी म्हणजे मी.

काका उसळले. "पोरीला आमी अख्खी नेनार. टोचाटोची नाय."

बाबा आईकडे बघायला लागले.

आई म्हणाली, "तिला आता दुखाचं नाय. ही हाय ना अजून. घ्या तुमी."

आणि अंगठा देऊन मोकळी झाली.

तपासणीत निघालं की ताईच्या यकृतात तांबं साठत गेलं होतं. मग मला तपासलं. माझ्यातही तेच, पण नुकतीच सुरुवात.

मॅडम म्हणाल्या, "वेळेत सापडली. गोळ्यांवर भागेल. पुढे गेलं असतं तर यकृतच बदलावं लागलं असतं, आणि ते आज तुमच्या-आमच्या आवाक्यातलं नाही."

बाबा कॉरिडॉरमध्ये मटकन खाली बसले आणि हसायला लागले. खरंच, हसायला.

गावाला हे पटलं नाही ते नाहीच. पोरीचं काळीज विकून आली, म्हणायचे. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. आईला त्याचं काही नव्हतं. तिचं सगळं लक्ष तांब्यावर!

कळशी गेली, बंब गेला, शेंगदाण्यातही तांबं असतं म्हणून शेंगदाण्याची चटणी घरातून हद्दपार.

देवळात गुरवाने तांब्याच्या पळीतून तीर्थ पुढे केलं, तर तिने माझा हात मागे ओढला.

"हिला नको. देवाला राग आला तर माझ्यावर काढू दे."

देवाने कुणावरच काढला नाही. गोळ्या चालू आहेत आणि मी ठणठणीत आहे.

पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली. मग आईचा एकच धोशा, "पोरीला तपासून घे गो."

घेतलं. रिपोर्ट नॉर्मल आला. फोन केला नाही, सरळ एसटी पकडून गावी गेले.

आई अंगणात तांदूळ पाखडत होती.

"आई, तिला काही नाही."

तिने सूप खाली ठेवलं. "नक्की?"

"नक्की."

आणि भर दुपारी, अंगणात, ताईचं नाव घेऊन आई मोठमोठ्याने रडली.

ताई गेल्यापासून पहिल्यांदा.

इतकी वर्षं माझ्या काळजीपायी तिला ताईसाठी रडायला सवडच मिळाली नव्हती.

मी अडवलं नाही. शेजारी बसून राहिले.

आई, आता ताईपाशी निवांत बस. इकडे सगळे बरे आहोत.

तुझी धाकटी