स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ

फिनेलमावशीचं खरं नाव इस्पितळात कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिचा हेका सगळ्यांना पाठ होता: सफाई दोन जातींची, एक डोळ्यांची आणि एक औषधाची. जंतुनाशक दहा मिनिटं ओलं राहिलं तरच जंतू मरतात. आधी पुसलंत की नुसता देखावा.

त्या दिवशी सात नंबरच्या खोलीत एक पोर यायची होती, अंगात प्रतिकारशक्ती नावालाही न उरलेली. तिच्या आईला फक्त स्पॅनिश येई आणि दुभाषी रजेवर. मावशीची सून प्रवास कंपनीत होती. तिने चार शब्द कागदावर लिहून दिले. लिंपिओ म्हणजे स्वच्छ. रेलुसिएंते, लखलखीत. इंपेकाब्ले, बोट ठेवायला जागा नाही. देसइन्फेक्तादो, जंतू मारलेलं.

खोली लखलखत होतीच. पण सकाळपाळीची बाई जाताजाता कुजबुजली, "मुकादम डोक्यावर उभे होते हो, लगेच कोरडं केलं."

"इंपेकाब्ले म्हणा आणि मोकळ्या व्हा," मुकादम म्हणाला. "पुढचे पेशंट ताटकळलेत. आणि मावशी, तुमचा करार याच महिन्यात संपतोय."

मावशीने कागद पुन्हा उलगडला. इकडे आड, तिकडे विहीर. नुसतं लिंपिओ म्हटलं तरी खोटं नव्हतं, फरशीत तोंड दिसत होतं. पण थकलेल्या आईला त्यात हवं तेच ऐकू येणार.

चाकाची खुर्ची दाराशी आली. "लिंपिओ?" आईने विचारलं.

"रेलुसिएंते," मावशी म्हणाली आणि नकारार्थी मान हलवली. "नो देसइन्फेक्तादो."

आईने खुर्ची तिथेच थांबवली.

"अक्कल गहाण टाकलीत का?" मुकादम खेकसला. मावशीने बादली उचलली. पलंग, कठडे, दाराची मूठ, सगळ्याला औषध लावून ती घड्याळासमोर उभी राहिली. दहा मिनिटं सरता सरेनात. मग तिने सगळं कोरडं केलं.

आईने पुन्हा तिच्याकडे पाहिलं. आता शब्द खरा होता, तरी जिभेवर येईना. कठड्याखाली राहिलं तर नाही? ती आत जाऊन वाकून बघून आली. नव्हतं राहिलं.

"देसइन्फेक्तादो."

आईने ना पलंग तपासला, ना फरशी. पोरीला उचलून सरळ आत नेलं. मुकादम काहीतरी बडबडत होता. मावशीने भिंतीला हात टेकला. तिच्या शब्दावर आजवर कुणी एवढा भरवसा टाकला नव्हता, आणि तिला फार भीती वाटली.