बाबूजींचं तिरपं घड्याळ

नव्व्याण्णव साली गोंदिया सोडलं तेव्हा मला पोचवायला स्टेशनवर तिघं आले होते: बाबूजी, माय आणि गोधडीत गुंडाळलेलं एक भिंतीवरचं घड्याळ. मी नवाकोरा सिव्हिल इंजिनिअर, पुण्याला नोकरीवर निघालेला. हे बोचकं म्हणजे माझ्या इभ्रतीचाच प्रश्न.

“काऊन बे, लाज येऊन राहिली काय?” बाबूजी म्हणाले. “घड्याळ होय, चोरीचा माल नोहोय. लंबक काढून खिशात ठेवला हाय. आता टांगायचं कसं, थे आयक.”

“बाबूजी, इंजिनिअर आहे मी. घड्याळ टांगता येते मला. पण आता जागा नाही, पुढच्या वेळी नेतो.”

खिशातून अर्धा बाहेर आलेला लंबक त्यांनी परत आत सारला. गाडी हलली. ती पुढची वेळ यायला बारा वर्षं लागली. तेव्हा लंबक होता, बाबूजी नव्हते.

बाबूजी राइस मिलमध्ये फिटर. सुट्टीच्या दिवशी गोंदियाजवळच्या फुलचूर गावातल्या आमच्या ओसरीत जुन्या वस्तूंचा दवाखाना भरायचा. कंदील, पानदान, मुका ग्रामोफोन. आमच्या घरात दातांचे ब्रश जुने होतच नसत, त्याआधीच ते रॉकेलमध्ये बुडवून चाकांचे दात घासायला जात. त्याच रॉकेलच्या हातांनी बाबूजी बहिणीच्या वेण्या घालायचे. ती वर्गात शिरली की मास्तरांना स्टोव्ह आठवायचा. नेम मात्र एकच. आधीच्या कारागिरानं घातलेला टाका, झाळून जोडलेला सांधा घासून मिटवायचा नाही. “त्यानंही जीव लावला असंन ना? मी कोण पुसणारा?”

ते गेल्यावर नातेवाईक म्हणाले, सगळं भंगारात द्या. माय म्हणाली, “घड्याळ हा नेईल.” मी नेलं.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये पाणसळ लावून, बुडबुडा अगदी मधोमध आणून टांगलं. दहा मिनिटं चाललं, बंद पडलं. महिनाभर हेच. शेवटी दुकानात नेलं. घड्याळवाला म्हणाला, “साहेब, आत सेलचं मशीन टाकतो, वरून कळणारसुद्धा नाही.” आमची ही म्हणाली, “टाका की हो.” मी घड्याळ बगलेत मारून बाहेर पडलो. बंद राहिलं तर राहिलं, पण बाबूजींच्या घड्याळाचं पोट मी काढू देणार नव्हतो.

मग मायला फोन केला. अक्कल असती तर पहिल्याच दिवशी केला असता.

“सरळ लावलं असशील,” माय म्हणाली. “थे सरळ चालतच नाही. आतली दांडी कोण्या जुन्या मिस्त्रीनं वाकवून ठेवली हाय. तुझ्या बाबूजीनं दांडी नाही सरळ केली, घड्याळच तिरपं लावलं. भिंतीवर पेन्सिलची रेघ होती. एवढी वर्षं घरात राहून काय पाह्यलं तू?”

पाणसळ बाजूला ठेवली. कान लावला आणि टिक आणि टॉक सारख्या अंतरानं येईपर्यंत घड्याळ सरकवत गेलो. चांगलं डावीकडे कललं. आणि चालायला लागलं. भिंतीला कान लावून एक पोक्त इंजिनिअर रडत होता, हे सोसायटीत कुणाला सांगू नका.

फुलचूरला राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या पांगलेल्यांनो, एक कबूल करतो. पुण्यात आल्यावर मी माझं बोलणंही असंच पाणसळ लावून सरळ केलं होतं. कुणी हसू नये म्हणून. आता घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा टेकवून उठतो, हात पुढे करतो: “अहो, घड्याळ वाकडं झालंय, नीट करू का?”

“कायले?” मी म्हणतो. “आमच्या घरी असंच चालते.”