गिलासावरची चार अक्षरं

"गिलास धुवून ओट्याखालीच ठेवजो. आत आनू नको," मालकीनबाईनं सांगतलं. बोरगावजवळच्या तिच्या संत्र्याच्या बगीच्यात माया कामाचा तो पयला दिवस. आमी बौद्ध, ते मोठे कास्तकार. मी मान खाली घातली. दुसरं काय करू?

थोड्या दिवसानं तिनं सौसरच्या भांड्याच्या दुकानातून त्या गिलासावर मशीननं अक्षरं कोरून आनली. मी इचारलं, "बाई, काय लिवलं हो?"

"तुयं नाव. दुसऱ्या कोनी उचलू नये म्हनून."

अवो माय, काय आनंद झाला मले! जल्मात मायं नाव कोनी कुठं लिवलं नोतं. नवरा तरनाच गेला होता, बोटं कापसात अन् संत्र्यात झिजून राहिली होती. रोज चहा प्यावो अन् त्या अक्षराइवरून बोट फिरवो. एक डाव म्हनलं, "मायं नाव हाय, तं घरी नेऊ काय?" घरातले सारे हासले. मीबी हासली. त्या हासन्याची आज लाज वाटते.

असे वीस वर्सं गेले. साठीत गुडघे धरले, तवा नात म्हने, "आजी, बस, तुले वाचाले शिकवते." उन्हाळाभर कामावरून आल्यावर पाटी घेऊन बसली. पयले आपलं नाव शिकली. दोनच अक्षरं.

गिलासावर तं चार होती!

वाटलं, बाईनं आडनाव टाकलं असन. बाकीची अक्षरं शिकली. मंग एक दिवस चहाच्या टायमाले गिलास उन्हात धरला अन् एकेक अक्षर जुळवलं. बा. हे. र. चा.

बाहेरचा.

वीस वर्सं हे मी तोंडाले लावून राहिली होती. रडू आलं, संताप आला. पन काम सुटलं तं या वयात मले कोन ठेवते? महिनाभर गुमान त्याच गिलासात चहा पेली.

मंग लोधीखेड्याची एक नवीन बाई कामाले आली. तिलेबी तसाच गिलास भेटला. "तुयं नाव लिवलं," मालकीनबाई म्हने. ती बाई अक्षराइवरून बोट फिरवाले लागली. माया जीव जळला.

मी उठली. तिचा गिलास हातात घेतला अन् कामावरच्या साऱ्या बायाइसमोर अडखळत, मोठ्यानं वाचलं. "बा-हे-र-चा. हे तुयं नाव नोय, बाई."

"उद्यापासून येऊ नको," मालकीनबाई म्हने.

नाही गेली. दुसरं काम अजून भेटलं नाही. उद्या चूल कशी पेटन, मले मालूम नाही. पन मायासमोर जे लिवलं असन, ते आता मी वाचीन. मोठ्यानं वाचीन. अन् ज्याले आयकू येत नसन, त्याच्या दारात उभी राहून वाचीन.