सोयाबीनभोवतीचे दगड

मी मुळातच भित्री. जिना उतरतानाही कठडा सोडत नाही. माझा मुलगा पुण्याहून नवी गाडी घेऊन आला आणि रिसोड मागे पडताच त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले, तेव्हा माझं काय झालं असेल ते समजून घ्या.

"आई, गाडी स्वतः बघते. ब्रेकसुद्धा स्वतः मारते."

"मंग तू कायले बसला इथं?" मी म्हटलं.

आम्ही केनवडला माझ्या थोरल्या भावाकडे चाललो होतो. दिवस सोयाबीन काढणीचे. या दिवसांत आमच्याकडे अर्धा डांबरी रस्ता खळ्याच्या कामी येतो. ओलं सोयाबीन रस्त्यावर पसरायचं, भोवती दगड मांडायचे आणि घरातल्या एकाने राखणीला तिथेच पडायचं. दगड दिसले की गाडीवाले लांबूनच बाजू घेतात. दादाचं शेत रस्त्याला लागून, नेमकं वळणावर.

वळण आलं. दगडांच्या आत, तोंडावर दुपट्टा घेऊन दादा झोपलेला. गाडी सरळ त्याच्याकडे निघाली होती. मी डोळेच मिटले. मग खाडकन ब्रेक लागला. डोळे उघडून पाहिलं तर मुलाचे हात अजून मांडीवरच होते.

"जयभीम मामा! पाहिलं? आपोआप थांबली," तो उतरून कौतुकाने सांगू लागला.

दादाने उठून गाडीभोवती एक चक्कर मारली. बोनेटवरून बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. "आता साऱ्याच गाड्या अशा येतीन का रे?"

"येतील मामा. हळूहळू."

त्यातलं 'हळूहळू' दादाच्या कानात शिरलंच नाही.

मुलगा पुण्याला गेला. पुढच्या आठवड्यात मी एकटीच काळी-पिवळीने केनवडला निघाले. जीप खच्चून भरलेली, मी पुढे ड्रायव्हरच्या कोपराशी. तो मान मागे वळवून सवाऱ्यांशी गप्पा मारत होता. वळण जवळ आलं तशी मी दगड शोधू लागले. दगड नव्हते. सोयाबीन होतं, आणि दुपट्टा होता.

"अरे, मानूस आहे!" मी किंचाळले आणि त्याचा दंड धरून ओढला. जीप रस्ता सोडून खाली उतरली, कलली, कशीबशी उभी राहिली. चाकाचा पट्टा दादाच्या उशापासून हातभर अंतरावरून सोयाबीन चिरडत गेला होता.

मी उतरून धावत गेले. "दादा, दगड कुठी गेले?"

"देले फेकून नालीत. मोटारसायकलवाले अडखळून पडतेत बाई." तो दुपट्टा झटकत उठून बसला. तिरप्या उभ्या जीपकडे पाहून हसला. "अन् आता कायले पाह्यजेत दगड? पाह्य, हेबी थांबली नं सोताच."