कटिंग मशीनच्या दुकानात तात्याला आलेली हाक

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता… कुणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. पण सत्तरच्या दशकात, सांगलीत, भर दुपारी घडलेली ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखतची आहे.

मी कराडला फरशी बसवायची कामं घ्यायचो. जोडीला थोरला चुलतभाऊ, तात्या. तो फौजेत तोफखान्यात होता, तिथल्या एका स्फोटात त्याचे दोन्ही कान गेले. मिरजेच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. कानाशी ताट आपटलं तरी त्याला पत्ता लागायचा नाही. आमचं बोलणं खुणांवर आणि ओठांच्या हालचालीवर चालायचं.

एका बंगल्याचं काम मिळालं. घरभर शहाबादी फरशी, बाथरूमला चकचकीत टाइल्स. छिन्नीनं टाइल्सचे टवके उडत होते, म्हणून कटिंग मशीन घ्यायला आम्ही दोघं सांगलीला गेलो.

गणपती पेठेजवळच्या दुकानात मालक अण्णांनी दोन मशीन दाखवली. एक लहान, टाइल्सपुरतं. दुसरं दणकट. "ह्याच्यावर दगड बी कापतोय आन् टाइल बी," अण्णा म्हणाले. मला तेच पसंत पडलं. म्हटलं, "शहाबादी लावून बघतो."

मशीन सुरू झालं. फरशी दोन्ही हातांनी धरून मी मशीनच्या फिरत्या चकतीवर वाकलो होतो. तात्या दारात, आमच्याकडे पाठ करून, रस्ता बघत उभा…

अचानक कुणीतरी माझी कॉलर धरून मला मागं खेचलं. तो तात्या होता; मी त्याच्यासकट मागच्या पोत्यांवर आदळलो. आणि मग — आम्ही पडल्यानंतर — चकती फुटली. तिचा तुकडा समोरच्या लाकडी कपाटात घुसला. माझा गळा होता, बरोबर त्या उंचीवर.

अण्णांनी धावत जाऊन बटण बंद केलं. तेवढ्यात तात्या म्हणाला, "ती बाई कुठं गेली?"

मी हातानं विचारलं, कोण बाई?

"आत्ता वरडली न्हवं? 'तात्या, त्याला मागं वढ' म्हणून!"

अण्णांचा चेहरा पांढराफटक. "आवं, दुकानात बाईमाणूस न्हाईच की!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तात्याला ऐकू आलं होतं! मी त्याच्या मागं जाऊन जोरात टाळ्या वाजवल्या… काही नाही. अण्णांनी पत्र्याचा डबा बडवला. तात्या ढिम्म. मग स्वतःच कानांवरून हात फिरवत तो लहान पोरासारखा रडायला लागला. "लय सपष्ट आला रं आवाज… वळकीचा न्हवता, पर लय सपष्ट."

पुढं कान पुन्हा तपासले. होते तसेच. कुणी म्हणालं, जमिनीची थरथर पायांना जाणवली असेल. असेलही. पण थरथर माणसाला नावानं हाक मारते का?

आम्ही लहान मशीन घेतलं, शहाबादी छिन्नीनंच कापली. त्यानंतर सांगलीला गेलो की तात्या त्या दुकानात जायचाच. अण्णा खुर्ची द्यायचे. तो रस्त्याकडं तोंड करून बसायचा, तो आवाज पुन्हा येतो का याची वाट बघत. मग उठायचा आणि माझ्याकडं बघून मान हलवायचा… न्हाई.

तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. "तुला खरंच न्हाई ऐकू आलं?" असं तो मला शेवटपर्यंत विचारायचा. माझे कान ठणठणीत होते, मी मशीनपाशीच होतो… आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं. असं का, ते मला आजही सांगता येत नाही.