आम्ही पोचलो तेव्हा समुद्र गेला होता

टूरचे फोटो डिलीट करता येतात. किस्से करता येत नाहीत! ते साचत जातात, आणि मग असं कुणी चहाला बोलावलं की एकामागून एक बाहेर पडतात. लोक हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? ते घडत होते तेव्हा मला एकदाही हसू आलं नव्हतं.

मी आधी सातपूरला एका कारखान्यात ऑफिसात होते. तो बंद पडला, म्हणून या ट्रॅव्हल्सच्या धंद्यात आले. आमचे शेठ म्हणाले, "ज्योती, स्मॉल ग्रुप टूर काढू. फ्रान्सची खेडी, किल्ले, समुद्रकिनारा. पॅरिस नाहीच! क्लास लोक येतील."

आले सहा. सटाण्याचे निकम अण्णा आणि त्यांच्या अक्का. अण्णा कांद्याचे व्यापारी, आवाज मार्केट यार्डातला. नाशिक रोडचे पगारे काका आणि विमलकाकू. कॉलेजातून रिटायर झालेल्या जोशी मॅडम आणि त्यांची बहीण सुलूताई. शिवाय मिनीबसचा ड्रायव्हर आणि तिथली गाइड सोफी. ती इंग्रजीत सांगायची, मी मराठीत. दोन दिवसांत माझा आवाज बसला आणि तिसऱ्या दिवशी धीर सुटला.

* * *

पहिला किल्ला नदीकाठी होता. परीकथेतला असावा तसा. सोफी आम्हाला राजाच्या शयनगृहात घेऊन गेली. पलंग भव्य, पण आखूड. ती म्हणाली की त्या काळी इथले मोठे लोक आडवे झोपत नसत, कारण आडवा फक्त मेलेला माणूस. म्हणून ते उशांना टेकून बसल्या बसल्या झोपत, असं सांगतात.

मी हे भक्तिभावानं मराठीत सांगितलं. सगळे गप्प झाले. मला वाटलं, चला, इतिहास पोचला!

अण्णांनी पलंग खालून वर न्याहाळला आणि म्हणाले, "बसून झोपायला एवढा किल्ला कशाला? आमची सटाणा-नाशिक एसटी काय वाईट आहे?"

सोफी विचारत होती, "काय म्हणाले? काय म्हणाले?"

मी सांगितलं, "त्यांना किल्ला फार आवडला."

* * *

सुलूताईंचा किस्सा छोटा आहे, कारण त्या जाग्याच फार थोड्या होत्या. बस सुरू झाली की त्यांची मान पडायची. द्राक्षांचे मळे, दगडी पूल, शेकडो वर्षांची चर्चं, सगळं त्यांच्या मिटल्या डोळ्यांवरून गेलं. एकदाच त्या दचकून उठल्या. बाहेर हिरवीगार कुरणं, पांढऱ्या गाई, लांब एक टोकदार मनोरा.

"लासलगाव आलं का गं?"

"नाही, सुलूताई."

"मग ठीक आहे." आणि पुन्हा मान पडली.

* * *

जोशी मॅडमचं मात्र वाईट वाटतं. बाई दोन वर्षं ऑनलाइन क्लास लावून फ्रेंच शिकल्या होत्या. खास या टूरसाठी! पहिल्याच सकाळी बेकरीत गेल्या आणि पाव मागणारं एक लांबलचक, नटवलेलं वाक्य बोलल्या. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "वन ऑर टू?"

तेच हॉटेलात. तेच म्युझियममध्ये. त्या फ्रेंच बोलायच्या, समोरचा इंग्रजी. रोज संध्याकाळी मॅडमचा चेहरा थोडा आणखी उतरायचा.

मग एका खेड्यात, अगदी अरुंद गल्लीत आमची बस उभी होती. ड्रायव्हर सोफीबरोबर कॉफी प्यायला गेला होता. एक म्हातारा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, खाली उतरला आणि थेट मॅडमशी बोलायला लागला. फ्रेंचमध्ये! भरभरून! त्याला इंग्रजीचा गंधही नव्हता. मॅडमचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्या मान डोलावत होत्या, "वी, वी", म्हणजे "हो, हो", करत होत्या. म्हाताऱ्यानं टोपी उचलून सलाम केला, ट्रॅक्टर आमच्या बसला चिकटून लावला आणि निघून गेला.

"काय म्हणत होता हो?" विमलकाकूंनी कौतुकानं विचारलं.

"असंच. हवापाण्याचं," मॅडम म्हणाल्या.

अर्ध्या तासानं ड्रायव्हर आला. पुढे भिंत, मागे ट्रॅक्टर. सोफीनं सगळं गाव विचारत फिरून शेवटी त्याचं घर काढलं, तर तो जेवायला बसलेला. आणि त्या गावात माणसाला जेवणावरून उठवणं म्हणजे पाप! आम्ही बसून राहिलो. पुढचा किल्ला बंद होण्याची वेळ आली, तसे अण्णा एकेक शिवी मोठ्यानं देऊ लागले.

म्हातारा तोंड पुसत आला आणि सोफीला म्हणाला, "मी या बाईंना विचारलं होतं, तुमची बस रात्री इथंच आहे का? त्या हो म्हणाल्या. दोनदा विचारलं!"

मी ते मराठीत सांगितलं नाही. पण मॅडमना तेवढं फ्रेंच नेमकं कळलं. बस सुटल्यावर त्या खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. मी शेजारी जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "ज्योती, एकच माणूस भेटला गं माझ्याशी बोलणारा."

मी पाण्याची बाटली दिली.

* * *

पगारे काकांनी फ्रान्स पाहिला नाही, दाखवला. सून, मुलगा, नातवंडं, सगळी नाशिक रोडला. काका बसमधून उतरले की आधी व्हिडिओ कॉल लावायचे. "हे बघा कारंजं! हे बघा दार! केवढं दार!" विमलकाकू मागे त्यांचं जॅकेट, छत्री आणि गोळ्यांची पिशवी घेऊन.

एका जुन्या मठात गेलो. आत दगडी खांबांचा चौक, मध्ये बाग, इतकी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. काका फोन समोर धरून खांबा-खांबाशी थांबत बोलत होते. "या खांबावर पानं कोरलीत, बघा. आणि या खांबावर माकड आहे. पिंकी, माकड दिसलं का?"

मी त्यांच्या मागून चालत होते. सहज स्क्रीनकडे नजर गेली. पलीकडे कुणीच नव्हतं. कुणीतरी फोन कॉटवर उताणा ठेवून निघून गेलं होतं. स्क्रीनभर छताचा पंखा गरगरत होता.

काका चारही बाजू फिरले. एक खांब सोडला नाही. मला राहवेना. मी हळूच म्हटलं, "काका, तिकडे कुणी नाहीये बहुतेक."

काका चालता चालता थांबले. स्क्रीनकडे पाहिलं, पण दचकले नाहीत. म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून.

"असू द्या, ताई," ते म्हणाले, "पंखा तरी चालू आहे."

* * *

आता समुद्राचं सांगते. ब्रोशरवर शेठनं निळाशार समुद्र छापला होता, आणि अक्का त्यासाठीच आल्या होत्या. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. अण्णा म्हणायचे, "मी वाशी मार्केटला कितीदा गेलो, पण हिला नेणं राहूनच गेलं." अक्का यावर काही म्हणायच्या नाहीत. त्या कशावरच काही म्हणायच्या नाहीत. अण्णा दोघांपुरतं बोलायचे.

त्या सकाळी अक्का नवी साडी नेसून, वर स्वेटर घालून सगळ्यांच्या आधी बसमध्ये बसल्या होत्या. किनाऱ्यावर पोचलो, बांधावर चढलो. समोर चिखल. जिथवर नजर जाईल तिथवर करडा, ओला चिखल आणि त्यात कलंडून पडलेल्या होड्या.

"ताई," अण्णा म्हणाले, "समुद्र कुठंय?"

"गेलाय, अण्णा."

"गेलाय म्हणजे? कुठं गेलाय?"

"ओहोटी आहे. इथं फार लांब जातो तो."

"मग येईल कधी?"

सोफीला विचारलं. ती म्हणाली, संध्याकाळी. आमचं रात्रीचं हॉटेल दुसऱ्या गावात होतं आणि जेवणाच्या आधी पोचायचं होतं.

अण्णा कडाडले, "समुद्र कधी घरी असतो, हे न विचारता आणलं आम्हाला?"

बरोबर होतं हो त्यांचं! तिथं भरती-ओहोटीचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं. आमच्या शेठनं विमानाचं पाहिलं, बसचं पाहिलं, समुद्राचं पाहिलं नाही. मी अण्णांच्या शिव्या खाल्ल्या, शेठना फोन लावून माझ्या चार दिल्या, आणि एवढ्यात सोफी किंचाळली. अक्का चपला हातात घेऊन चिखलात उतरल्या होत्या आणि सरळ समुद्राच्या दिशेनं चालल्या होत्या. तो चिखल वाईट, माणूस रुततो. मी धावले. गुडघ्यापर्यंत माखून त्यांना गाठलं.

"अक्का, असं नका जाऊ! पाणी लय लांब आहे."

त्या थांबल्या. त्या टोकाला पाण्याची एक चकाकती रेघ दिसत होती, तीही असली तर.

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "न सांगता पाव्हणं गेलं की असंच व्हतं."

पुढच्या दोन दिवसांत समुद्र दिसला. बसच्या काचेतून, पावसात, राखाडी. मी मुद्दाम अक्कांना हाक मारून दाखवला. त्यांनी पाहिला. "हाच का तो?" म्हणाल्या आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

* * *

शेवटच्या दिवशी, त्याच किनाऱ्यावर आणखी पुढे, सैनिकांची एक दफनभूमी होती. महायुद्धातली. खरं तर सगळे कंटाळले होते. मी बसमध्येच सांगितलं, "इथं मोठ्यानं बोलायचं नाही." अण्णांकडे बघून सांगितलं.

कापलेलं हिरवं गवत आणि पांढऱ्या दगडांच्या रांगा. दगडांवर नाव आणि वय. अण्णा मोठ्यानं बोलले नाहीत, पण गप्पही बसले नाहीत. एकेका दगडापुढे थांबून पुटपुटत होते, "एकोणीस. बावीस. हा अठराचा. अरे, अठराचा..."

मग एका दगडाशी अक्का थांबल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण इतर दगडांवर आहे ते यावर नाही, एवढं त्यांना दिसलं. त्यांनी सोफीकडे बोट करून मला म्हटलं, "विचार तिला. याचं नाव का नाही?"

पूर्ण टूरमध्ये अक्कांनी सोफीला विचारलेला हा पहिला प्रश्न.

सोफी म्हणाली, ओळख पटली नाही. असे पुष्कळ आहेत इथं.

"नाव नाही, तरी दगड लावला?"

"हो, अक्का."

"आणि कुणी येतं का याच्याकडं?"

मी विचारलं. सोफी म्हणाली, गावातले लोक येतात, फुलं ठेवतात.

अक्का खाली गवतात बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, कधी खाली बसत नसत. विमलकाकू घाबरून शेजारी टेकल्या. अक्का त्यांना म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "आमचं पहिलं पोर. बारशाच्या आधीच गेलं. नदीच्या काठाला पुरलं. तिथं दगड नाही, काही नाही. लोक विचारायचे, नाव काय व्हतं? काय सांगणार? नावच नव्हतं."

विमलकाकूंनी त्यांचा हात धरला.

मागून अण्णांचा आवाज आला. "व्हतं."

अक्कांनी वळून पाहिलं.

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली होती. आता ते दोघं त्यांच्या अहिराणीत बोलत होते, आम्ही कुणी नसल्यासारखे.

"नाव व्हतं. मी ठेवेल व्हतं. मनातल्या मनात."

"आनि मले सांगं नही?"

"तू रडशी म्हनीसन नही सांगं."

अक्का म्हणाल्या, "काय नाव?"

अण्णांनी तोंड उघडलं. नऊ दिवस ज्या माणसाची टकळी थांबली नव्हती, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी ते वाकले आणि अक्कांच्या कानात बोलले. आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही.

मग अक्कांनी हात वर केला. अण्णांनी हात पुढे केला, पण अक्कांचा हात त्यांच्यासाठी नव्हता.

"ज्योती, उठव मला."

मी त्यांना धरून बसपर्यंत नेलं. त्या आपल्या जागेवर बसल्या. मागोमाग सगळे आले. सोफी माझ्या कानाशी विचारत होती, काय झालं? त्या सैनिकाबद्दल काही बोलले का? मला इंग्रजीतला एक शब्द आठवेना.

ड्रायव्हरनं मागे वळून बोटानं विचारलं, एक कमी आहे?

खिडकीतून अण्णा दिसत होते. पांढऱ्या दगडांमध्ये पाठमोरे उभे, उघड्या डोक्यानं. आता पाऊसही सुरू झाला होता. मी छत्री घेऊन खाली उतरायला लागले.

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "इतकी वर्सं एकट्यानंच हाका मारल्या पोराला. अजून थोडा वेळ मारू दे."